कच्च्या रस्त्यावरची गाडी आपणही शिकू या



डहाणू-तलासरीत हायवे सोडून पाड्याकडे वळलं की रस्ता कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात चिखल, मध्ये ओहोळ, पुढे चढ. रात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करायचाच. पण ती गाडी जिथपर्यंत येते, तिथपर्यंत बाईला आणायचं कसं? गावात जीप असते, पण चालवणारा कामाला बाहेरगावी गेलेला असतो. जीप दारात नुसती उभी!

शहरातले लोक अशाच रस्त्यावर गाडी चालवून बघायला पैसे मोजतात. इगतपुरीजवळ महिंद्रा कंपनीने त्यासाठी शिकवण्याचं मैदानच उभारलं. मुद्दाम ठेवलेले खड्डे, चिखल, चढउतार आणि शेजारी शिकवणारा माणूस. त्यांची ती हौस आहे, आपली गरज आहे. पण अशा ठिकाणी जे शिकवतात, ते आपल्याही कामाचं आहे.

फोर बाय फोर म्हणजे काय?

बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. ती दोन चाकं चिखलात नुसती फिरू लागली की गाडी अडकली. फोर बाय फोर गाडीत हा जोर पुढच्या-मागच्या चारही चाकांना देता येतो. त्यासाठी वेगळा छोटा दांडा किंवा बटण असतं. त्यात ‘लो’ लावलं की चाकं हळू फिरतात, पण जोर वाढतो. हे चिखलात शिरण्याआधी लावायचं, अडकल्यावर नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर आलं की काढायचं. आणि गाडी उंच दिसली म्हणजे ती फोर बाय फोर असेलच असं नाही, मालकाला विचारून घ्या.

साध्या जीपलाही लागू पडणाऱ्या गोष्टी

१. आधी उतरून पायी रस्ता बघा. दगड कुठे, खड्डा किती खोल, ते बघून चाकं कुठून न्यायची हे ठरवा.

२. स्टेअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं तर स्टेअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा दुखावतो.

३. चढावर सरळ जा, तिरकं नको. तिरकी गाडी कलंडते. मध्येच बंद पडली तर वळवू नका, रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे घ्या.

४. उतारावर पहिला गिअर ठेवा. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नका. गिअरमुळे इंजिनच गाडीला आवरून धरतं.

५. चाक चिखलात फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. जितका दाबाल तितकं चाक खोल जाईल. चाकापुढे दगड, फांद्या, पेंढा टाका आणि हळू काढा.

वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही

साधारण एक फूट वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं आणि दोन फूट पाणी जीपसारखी मोठी गाडीसुद्धा वाहून नेऊ शकतं. तिथे फोर बाय फोरचा उपयोग नाही. फरशीवरून पाणी जात असेल तर थांबायचं, मागे कितीही लोक ‘घाला, घाला’ म्हणाले तरी.

लायसन्सचं काय?

वय १८ पूर्ण हवं. आधी शिकाऊ लायसन्स निघतं. ते सहा महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर आणि शेजारी लायसन्स असलेली व्यक्ती, हे दोन्ही हवंच.

“मी कुठे शाळा शिकले?” असं बऱ्याच ताया म्हणतात. भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांसाठी पूर्वी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये काढली. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम मात्र यायलाच हवेत, कारण परीक्षेत तेच विचारतात.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर आपल्याकडचे नेहमीचे ट्रॅक्टरही चालवता येतात. ७,५०० किलोपर्यंतची मालाची गाडीही त्याच लायसन्सवर चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे गटाचा चिकू, भाजी बाजारात नेणारा पिकअप गटातलीच बाई चालवू शकते.

सुरुवात कशी करायची?

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. शिकायची इच्छा असलेल्या दोघी-तिघींची नावं लिहा. गावात कोणाची गाडी आहे, कोण नीट शिकवेल, ते ठरवा. गाडीचा विमा चालू आहे का, तो कागद हातात घेऊन बघा. शिकाऊ लायसन्स आलं की भात कापून झालेल्या कोरड्या शेतात सुरुवात करा. आधी क्लच, ब्रेक, गिअर, मग छोटा चढ. मुलांना आणि गुरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

भाताच्या कापणीपासून पुढच्या पावसापर्यंत सहा-सात महिने मिळतात. शिकायला तेवढे पुरेसे आहेत. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक पाड्यावर गाडी काढू शकणारी निदान एक बाई असावी, एवढं ठरवू या.