विश्लेषण : व्यापाऱ्याने शेतमालाचे पैसे थकवले, तर दाद नेमकी कुठे मागायची?

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट उतरतात, मंचरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्या लागतात आणि द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की परराज्यांतील व्यापारी जुन्नरच्या बागांमध्ये फिरू लागतात. या सगळ्या व्यवहारांत एक गोष्ट समान असते. माल आधी जातो, पैसे नंतर येतात. टोमॅटो किंवा द्राक्षे पैसे मिळेपर्यंत घरात ठेवून चालत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला थांबण्याची सोय नसते. माल गेल्यानंतर आणि पैसे येण्याआधी जो काळ जातो, त्यातच फसवणुकीच्या तक्रारी जन्माला येतात.

पैसे अडकले की गावात तीन सल्ले हमखास मिळतात. ‘पोलिसांत जा’, ‘चेक घेऊन ठेव’ आणि ‘कोर्टाच्या नादी लागू नकोस’. हे तिन्ही सल्ले काही वेळा बरोबर असतात आणि काही वेळा नुकसान करणारे. कारण बाजार समिती, पोलीस, फौजदारी न्यायालय आणि दिवाणी न्यायालय यांचे काम वेगवेगळे आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी मुदतही वेगळी असते.

व्यवहार कुठे झाला, हे आधी का पाहायचे?

बाजार समितीच्या आवारात झालेल्या विक्रीला महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा, १९६३ लागू होतो. तेथील व्यापारी आणि आडतदार परवानाधारक असतात, लिलाव उघड होतो आणि शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळते. नियमांनुसार विक्रीनंतर २४ तासांत पैसे देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. ते न दिल्यास पहिली लेखी तक्रार बाजार समितीकडे करायची. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार समितीला आहे. तिथे दाद लागली नाही, तर तालुक्याचे सहायक निबंधक आणि पुढे जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे जाता येते.

बांधावरच्या विक्रीचे तसे नाही. राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला माल कुठेही विकण्याची मोकळीक मिळाली. पण त्याच वेळी बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्यावरचा बाजार समितीचा धाकही गेला. त्याच्याकडे परवानाच नसेल, तर रद्द काय करणार? केंद्राच्या २०२० च्या शेतमाल व्यापार कायद्यात आवाराबाहेरच्या खरेदीचे पैसे जास्तीत जास्त तीन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूद होती. ते तिन्ही कृषी कायदे २०२१ मध्ये रद्द झाले. त्यामुळे शिवार खरेदीत शेतकऱ्याच्या मदतीला उरतो तो सर्वसाधारण करार कायदा.

लेखी करार नसेल तर काहीच करता येत नाही का?

येते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. दोन्ही बाजू सज्ञान असाव्यात, संमती खुशीची असावी आणि व्यवहार कायदेशीर असावा, एवढे पुरेसे आहे. ‘किलोला अमुक भाव, दहा दिवसांत पैसे’ हे बागेत उभे राहून ठरले, तरी ते दोघांवर बंधनकारक असते. मालविक्री कायदा, १९३० नुसार माल ताब्यात दिल्यावर विक्रेत्याला किमतीसाठी दावा करता येतो.

अडचण कराराची नसते, पुराव्याची असते. न्यायालयात व्यापारी म्हणाला, ‘भाव वेगळा ठरला होता’ किंवा ‘माल खराब निघाला’, तर शेतकऱ्याकडे दाखवायला काय आहे? काट्याची पावती, गाडीचा क्रमांक, भरलेल्या क्रेटची नोंद, बँकेत आलेल्या उचलीची नोंद आणि मोबाइलवरचे संदेश हे सगळे पुरावे ठरू शकतात. मोबाइलवरील मजकूर न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून असे संदेश पुसू नयेत आणि शक्यतो मूळ फोनही जपून ठेवावा.

आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा उत्पादक कंपन्यांशी करार करून पीक घेतात. तिथे कागद असतो. मात्र तो वाचून सही करावी लागते. माल नाकारण्याचे निकष काय आणि पैसे किती दिवसांत, ही दोन कलमे आधी पाहावीत.

पोलिसांत तक्रार कधी टिकते?

सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. पैसे न देणे आणि फसवणूक करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि गंभीर प्रकारात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या कायद्यातील ‘४२०’ ते हेच. पण त्यासाठी व्यवहार करतानाच व्यापाऱ्याचा हेतू खोटा होता, हे दिसावे लागते. माल घेतला, पुढे बाजार पडला आणि व्यापारी अडचणीत आला, तर तो देणेकरी ठरतो, पण आपोआप गुन्हेगार ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. घोड्यांसाठी धान्य पुरवणाऱ्याचे सुमारे ९ लाख रुपये थकले होते. त्याने फौजदारी तक्रार केली. न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दिवाणी दावा हा मार्ग असल्याचे सांगितले.

मग पोलिसांत कधी जायचे? व्यापाऱ्याने खोटे नाव सांगितले, बनावट कागद दाखवले, एकाच हंगामात अनेक शेतकऱ्यांकडून माल उचलून फोन बंद केला आणि तो पसार झाला, अशा वेळी सुरुवातीपासूनचा हेतू दाखवता येतो. अशा प्रकरणात एकट्याने जाण्यापेक्षा सर्व शेतकऱ्यांनी आपापल्या नोंदींसह एकत्र तक्रार दिल्यास व्यवहाराची पद्धत उघड होते. तक्रार घेतली गेली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

धनादेश वटला नाही तर?

इथे शेतकऱ्याची बाजू बरीच मजबूत असते, पण दिवस मोजावे लागतात. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. तो न वटता परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला १५ दिवसांची मुदत असते. त्यातही पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते.

समजा, बँकेचा शेरा १० जूनला मिळाला. नोटीस १० जुलैपर्यंत जायला हवी. व्यापाऱ्याला ती १५ जुलैला मिळाली, तर त्याची मुदत ३० जुलैला संपते आणि तक्रार ऑगस्ट संपण्याआधी दाखल व्हायला हवी. ‘पुढच्या आठवड्यात देतो, परत भर’ अशा फोनवर विसंबून अनेकांचे हे ३० दिवस निघून जातात. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा भरता येतो. ती संपली, तर हा मार्ग बंद होतो.

परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ नुसार यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

खटला कुठे चालतो, हेही महत्त्वाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१४ च्या निकालाने असे खटले धनादेश देणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी चालवावे लागत होते. म्हणजे दिल्लीच्या व्यापाऱ्यासाठी दिल्लीला हेलपाटे. संसदेने २०१५ मध्ये कायदा बदलला. आता ज्या शाखेत शेतकऱ्याचे खाते आहे, तेथील न्यायालयात खटला चालतो. खाते नारायणगावच्या शाखेत असेल, तर जुन्नरचे न्यायालय आणि मंचरच्या शाखेत असेल, तर घोडेगावचे.

दिवाणी दावा कुठे आणि किती दिवसांत?

व्यापारी परराज्यातला असला, तरी माल जुन्नर किंवा आंबेगावात दिला गेला असेल, तर दाव्याचे कारण इथेच घडलेले असते. त्यामुळे दावा इथे दाखल करता येतो. जुन्नरसाठी जुन्नर आणि आंबेगावसाठी घोडेगाव येथे दिवाणी न्यायालय आहे. त्यावर जिल्हा न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय अशी उतरंड आहे.

मुदत तीन वर्षांची आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल, तर त्या तारखेपासून आणि ठरलेली नसेल, तर माल दिल्यापासून ती मोजली जाते. या काळात व्यापाऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर तेव्हापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणून नुसते ‘देतो’ ऐकून परत येण्यापेक्षा बाकी रकमेच्या चिठ्ठीवर सही घ्यावी.

दावा कोणाविरुद्ध करायचा, तेही आधी शोधावे. दुकानावरची पाटी एकट्या मालकाची असेल, तर तो स्वतः जबाबदार असतो. भागीदारी फर्म असेल, तर प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. मर्यादित कंपनी असेल, तर देणे कंपनीचे असते, संचालकाच्या घरावर सहसा हात घालता येत नाही.

शेतकऱ्याचा मृत्यू झाला, तरी येणे बुडत नाही, ते वारसांकडे जाते. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा त्यात समान वाटा असतो. लग्न झालेली मुलगीही त्यात येते. अशा वसुलीसाठी सातबारावरची वारस नोंद पुरत नाही. न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला तसेच अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी शेतकऱ्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. इतरांसाठी राज्यात वार्षिक ३ लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

दोघांची तयारी असेल, तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे हप्ते किती, कधी आणि चुकले तर काय, हे निवाड्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

कायदा आणि नीती यांत फरक कुठे पडतो?

तीन वर्षे उलटली की न्यायालयात वसुली होत नाही, पण व्यापाऱ्याने माल घेतला होता हे खोटे ठरत नाही. पैसे देणे हे त्याचे नैतिक कर्तव्य उरते. कायद्यानेही त्याला जागा ठेवली आहे. मुदत संपलेले देणे फेडण्याचे वचन व्यापाऱ्याने लेखी आणि सहीनिशी दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन पुन्हा बंधनकारक होते.

हाच न्याय उलट बाजूलाही लागू आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने २ हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. अशा तेजीत आधी इसार घेऊन भाव ठरवलेला शेतकरी दुसऱ्याला माल देऊन मोकळा झाला, तर करारभंग त्याचा असतो आणि व्यापारी नुकसानभरपाई मागू शकतो. भाव वाढला म्हणून शब्द सुटत नाही, तसा भाव पडला म्हणूनही सुटत नाही.

गाडी भरण्याआधी काय करावे?

व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, ओळखपत्राचा आणि फर्मच्या जीएसटी क्रमांकाचा फोटो, मालाचे वजन, ठरलेला भाव, मिळालेली उचल, बाकी रक्कम आणि ती देण्याची तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गाडीच्या क्रमांकासह त्याचा फोटो काढावा. वर सांगितलेल्या प्रत्येक कार्यालयात आणि न्यायालयात पहिल्यांदा हाच कागद मागितला जातो. तो गाडी निघण्यापूर्वी पाच मिनिटांत तयार होतो, गाडी गेल्यावर मात्र त्यावर सही मिळवणे कठीण असते.