जुन्या संगणकाचे घरगुती गोदाम

भिवंडीच्या गोदामांत माल साठतो आणि मागणी येताच बाहेर पडतो. घरातील जुना संगणक छायाचित्रांचे व टिपणांचे असेच गोदाम बनू शकतो. आधी त्यातील जुनी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. मग लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली व सांबा ही आज्ञावली बसवून तो तारेने राउटरला जोडा. घरातील इतर संगणक त्यातून हवे ते मागवू शकतील. इंटरनेट बंद असले तरी!

मात्र विजेचा हिशेब करा. संगणक सरासरी ६० वॅट घेत असेल, तर २४ तासांत १.४४ युनिट, म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ युनिट खर्च होतील. तो गरजेपुरताच चालवा.

जुनी हार्ड डिस्क कधीही दगा देऊ शकते. म्हणून माहितीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य ठेवा.