रामघाटाजवळची खोली भाड्यानं देताय?

परवा उज्जैनच्या रामघाटावर एक मराठी काका भेटले. वाड्यातल्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणत होते. "२०२८चा सिंहस्थ आलाच की!" घरभाड्याचा व्यवहार मीही सांभाळतो, म्हणून थोडं सांगतो.

💧 ओल: पावसाळ्यात क्षिप्रा चढली की घाटावरची देवळं पाण्यात जातात. काकांच्या भिंतीला कमरेपर्यंत पोपडे सुटले होते. त्यावर नुसता रंग टिकत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा.

📄 करार: मध्य प्रदेशात १९६१चा स्थान नियंत्रण कायदा आहे. सिंहस्थात जास्त भाडं मिळेल म्हणून जुन्या भाडेकरूला उठवता येत नाही. कायद्यात दिलेलंच कारण लागतं. वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो.

🧾 कर: घरभाड्याच्या उत्पन्नातून स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही.

🏦 कर्ज: सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला. एरवीच्या भाड्यात तो निघत असेल तरच खोल्या वाढवा.

काही अडलं असेल तर खाली जरूर विचारा.