घरी बनवलेला रोल केज

ट्रक उलटला तर टप चालकाच्या डोक्यावर दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा म्हणजे रोल केज. अमेरिकेतले अनेक ऑफ-रोड शौकीन, म्हणजे रस्ता सोडून गाड्या चालवणारे हौशी लोक, तो घरच्या गॅरेजातच बनवतात. त्यांची नेहमीची नळी पावणेदोन इंच व्यासाची, ०.१२० इंच जाडीची. पाण्याचा किंवा गॅसचा पाइप कदापि वापरू नये; तो धक्का सोसण्यासाठी बनलेलाच नसतो. नुसती चौकोनी चौकट तिरकी होऊन बसते, तिरपे दांडे घालून त्रिकोण केले की ती ताठ राहते. खरी कसोटी वेल्डिंगची. सांधा पूर्ण घेरभर जोडलेला हवा, पण छताला खेटलेली वरची बाजू नेमकी वेल्ड करायची राहून जाते. डोक्याजवळच्या नळ्यांवर दाट पॅडिंग हवेच. उघडी नळी कवटी फोडू शकते.