शिवेअलीकडचा पाऊस

मृग लागला की साखरखेर्ड्याच्या शिवारात एकच प्रश्न असतो: तिफण कधी धरायची? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. पण दोन सरींनी माती ओली झाली की हात थांबत नाहीत. मग पावसानं पंधरा दिवस दडी मारली, तर सोयाबीनचं महागाचं बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. शिवाय पाऊस असा, की बांधाच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला लांबलांबून माणसं येतात. पाऊस आधी कळावा याची निकड किती खोल आहे, हे त्या गर्दीत दिसतं.

याच प्रश्नाचं गणित पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतं. तिथे जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’. दोन्ही नावं सूर्याची. प्रत्यूषची क्षमता सुमारे ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी, अर्कची ११.७७. मात्र यंत्रं अशी एका आकड्यात तोलली की खरी गोष्ट निसटते. ती पाहायची तर आतली चिप उघडावी लागते.

प्रत्यूषमध्ये इंटेलची झिऑन ई५-२६९५ व्ही४ ही चिप आहे, २०१६ सालची. तिच्या पिढीचं नाव ब्रॉडवेल. अर्कमध्ये एएमडीची एपिक ७६४३, २०२१ सालची, मिलान पिढीतली. दुकानात संगणक घेताना आपण विचारतो, किती गिगाहर्ट्झचा? तोच प्रश्न इथे विचारला तर फसगत होते. जुन्या चिपचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, नवीचा २.३. पाच वर्षांत जेमतेम दहा टक्क्यांची वाढ! घड्याळाच्या एका ठोक्यात चिपमधला एक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारा एकेक हात, किती आकडेमोडी करतो, तेही पाहू. पूर्ण लांबीच्या दशांश संख्यांसाठी दोन्हीकडे सोळाच.

फरक आहे तो हातांच्या संख्येत. जुन्या चिपमध्ये १८ कोअर, नवीत ४८. कागदावर जुनी चिप सेकंदाला सुमारे ६०५ अब्ज आकडेमोडी करते, नवी १७६६ अब्ज, जवळजवळ तिप्पट. ही तिप्पट फुकट मिळालेली नाही. जुन्या चिपला १२० वॅट वीज लागते, नवीला २२५. म्हणजे वॅटमागे काम वाढलं ते दीडपटीच्या थोडं वर. हातमाग सोडून यंत्रमागावर जावं तशी ही झेप नाही. बरेचसे माग एका छपराखाली आणल्यासारखी आहे, आणि छपराचं वीजबिलही त्यासोबत वाढलं आहे.

आता माझ्या मते या तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हवामानाचं गणित आकडेमोडीवर अडत नाही, आकडे हाताशी येण्यावर अडतं. पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनाचं तापमान, वारा, दाब, बाष्प मेमरीतून आणायचं, शेजारच्या चौकोनांशी ताडायचं, परत ठेवायचं. सोयाबीन मळताना मळणीयंत्र कितीही दांडगं असलं, तरी पेंढ्या आणून देणारे कमी पडले की ते रिकामं घरघरत राहतं, तसंच हे. म्हणून महासंगणकांच्या जागतिक यादीसाठी जी लिनपॅक चाचणी घेतात, तिच्यात प्रत्यूषनं क्षमतेच्या शेकडा ९४ पर्यंत मजल मारली, पण हवामानाची प्रारूपं, म्हणजे अंदाजाची ही गणितं, कुठल्याही यंत्रावर बहुतेकदा शेकडा दहाच्याही आत राहतात.

तर ही ने-आण किती सुधारली? जुन्या चिपला मेमरीचे चार रस्ते आहेत आणि त्यांवरून सेकंदाला ७६.८ गिगाबाइट माहिती येऊ शकते. नवीला आठ रस्ते, त्यांवरून २०४.८ गिगाबाइट. आता दर कोअरच्या वाट्याला काय येतं, ते भागून पाहा. ७६.८ भागिले १८, म्हणजे ४.२७. आणि २०४.८ भागिले ४८, म्हणजे ४.२७. तंतोतंत तेवढेच! हा भागाकार मी दोनदा करून पाहिला. मजूर वाढले, रस्ताही त्याच मापानं रुंदावला, एकेकाच्या वाट्याला मात्र पूर्वीइतकंच.

नवी चिप इथे तरते ती कॅशमुळे. कोअरच्या शेजारीच असलेली ही लहानशी मेमरी म्हणजे जणू खळ्यालगतची गंजी. जुन्या चिपमध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ४५ मेगाबाइट होती, नवीत २५६. दर कोअरमागे अडीचवरून पाचाच्या पुढे. दूरच्या फेऱ्या तेवढ्या वाचतात.

दोन्ही यंत्रांत अशा चिप सहा-साडेसहा हजारांच्या घरात आहेत. प्रत्यूषवर जे प्रारूप चालायला दहा तासांपर्यंत लागत, ते अर्कवर चार तासांत उरकतं, असं सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे. म्हणजे अडीचपट. आकडेमोडीच्या तिपटीपेक्षा रस्त्याच्या रुंदीशी हा आकडा अधिक जुळतो.

पण खरी कमाई चौकोनाच्या आकारात झाली. आधीच्या जागतिक प्रारूपाचा चौकोन साधारण १२ किलोमीटरचा होता. २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चा ६ किलोमीटरचा आहे. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलंही निम्म्या लांबीची टाकावी लागतात. साध्या हिशेबानं काम आठपट. यंत्र मात्र तिपटीच्या आतलं. उरलेलं अंतर शास्त्रज्ञांनी जाळीची रचनाच बदलून भरून काढलं. अष्टफलकावर बेतलेल्या या जाळीत ध्रुवांकडे बिंदू विरळ होत जातात, त्यामुळे तिथली नको असलेली आकडेमोड वाचते. या लोकांचं कौतुक चिपच्या कौतुकाआधी व्हायला हवं.

एक गोष्ट मात्र सलते. अर्क सुरू झाला तेव्हा त्यातली चिप तीन वर्षं जुनी झाली होती, आणि तिची पुढची पिढी, जिनोआ, २०२२ सालीच बाजारात आली होती. तिला मेमरीचे बारा रस्ते आहेत आणि त्यांवरून सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट माहिती येते. हवामानाला हवा तो रस्ताच तिथे दुपटीहून रुंद झाला आहे. सरकारी खरेदीतल्या एकेका वर्षाची किंमत अशी मोजता येते.

१२ किलोमीटरच्या चौकोनात १४४ चौरस किलोमीटर मावतात. साखरखेर्डा आणि आजूबाजूची कितीतरी खेडी एकाच आकड्यात बसायची. आता चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा. बांधाअलीकडचा पाऊस त्यातही सापडणार नाही, पण एका गावाचं आभाळ दुसऱ्याच्या माथी मारणं कमी होईल. आणि ते चार तास? जगभर हवामानाचे फुगे दिवसातून दोनदा, एकाच सुमारास सुटतात, आणि त्यातली एक वेळ आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराची असते. निरीक्षणं गोळा व्हायचा वेळ सोडला, तरी दहा तासांच्या गणितात दुपार टळून जायची, आणि तोवर ज्याला पेरायचं त्याचं अर्धं वावर पेरून झालेलं असायचं.