आधी विचार, मग चाल!
घरातील सर्वांना एकत्र बसवणारा पाळीपाळीचा व्हिडिओ गेम

नेसरी - गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीची खिंड म्हटली, की सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार डोळ्यांसमोर उभे राहतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी हे सात वीर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या खानाला सोडून दिल्याची बोच प्रतापरावांच्या मनात होती. मागून येणाऱ्या सैन्याची वाट पाहण्याइतकीही उसंत त्यांनी घेतली नाही. रणांगणावर गेलेला क्षण परत येत नाही. खेळात मात्र ही उसंत मुद्दाम देता येते. व्हिडिओ गेमचा एक संपूर्ण प्रकार याच कल्पनेवर उभा आहे.

या प्रकाराला 'टर्न बेस्ड स्ट्रॅटेजी' म्हणतात. बुद्धिबळाप्रमाणे एक पाळी आपली, एक प्रतिस्पर्ध्याची. आपली पाळी असताना पडद्यावरचे युद्ध थांबलेले असते. बोटांच्या चपळाईला येथे महत्त्व नाही, विचाराला आहे.

ससे आणि वॉशिंग मशिन

कुटुंबाला चालेल असे या प्रकारातील ठळक उदाहरण म्हणजे 'मारिओ प्लस रॅबिड्स किंग्डम बॅटल'. 'युबिसॉफ्ट'च्या इटलीतील मिलान येथील चमूने तयार केलेला हा गेम २९ ऑगस्ट २०१७ रोजी 'निन्टेन्डो स्विच' या कन्सोलसाठी आला. त्याचा पुढचा भाग २०२२ मध्ये निघाला. कथा कमालीची विक्षिप्त आहे. काळातून प्रवास करणारे वॉशिंग मशिन सशांसारख्या धांदरट रॅबिड्सना मारिओच्या जगात आणून टाकते आणि तिथे एकच गोंधळ उडतो. राजकन्या पीचचा वेश केलेली एक रॅबिड तर ऐन लढाईतही स्वतःचे फोटो काढण्यात दंग असते.

खेळ मात्र पक्का हिशेबी आहे. आपल्याकडे तिघांचा चमू असतो. प्रत्येकाला एका पाळीत पुढे सरकता येते, मारा करता येतो आणि एखादे खास कौशल्य वापरता येते. साथीदाराच्या आधाराने उडी घेतली, की दूरचा पल्ला गाठता येतो. मैदानावर ठिकठिकाणी आडोसे असतात. पूर्ण आडोशामागे असलेल्याला गोळी लागण्याची शक्यता शून्य, अर्ध्या आडोशामागे ५० टक्के आणि उघड्यावर १०० टक्के. काही आडोसे माऱ्याने फुटतातही. त्यामुळे 'आता मारू, की आधी लपू?' हा प्रश्न प्रत्येक पाळीला पडतो.

आजीचाही सल्ला

कुटुंबासाठी या खेळाचे मोल येथेच आहे. धावपळीच्या गेममध्ये नातू खेळतो आणि बाकीचे नुसते पाहतात. येथे पाळीला वेळेची मर्यादा नसल्याने सगळ्यांना मत देता येते. कन्सोल हातात न घेतलेली आजीसुद्धा 'अरे, त्याला भिंतीमागे घे' असे सांगू शकते आणि बहुधा तिचे बरोबर असते. अवघड वाटल्यास लढाईपूर्वी सोपी पातळी निवडून चमूची ताकद वाढवता येते.

लढाई किती पाळ्यांत संपली आणि साथीदारांपैकी किती जण शाबूत राहिले, यावरून श्रेणी ठरते. म्हणजे जिंकणे पुरेसे नाही, आपली माणसे राखणेही मोलाचे. मराठी मुलांना ही गोष्ट इतिहासातूनही समजावता येईल. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला दाट रानातील अरुंद वाटेत येऊ दिले आणि मगच कोंडीत धरले. भूगोल, आडोसा आणि योग्य वेळ यांचा तो नमुनेदार मेळ होता.

पालकांनी काय पाहावे?

खेळात रक्तपात नाही, मारामारी कार्टूनसारखी आहे. तरीही अमेरिकेतील मानांकनानुसार हा गेम दहा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी आहे. सूचना इंग्रजीत वाचाव्या लागत असल्याने लहानग्यांसोबत मोठ्यांनी बसणे बरे. 'दिवसाला दोन लढाया' असा नियमही सहज पाळता येतो, कारण प्रत्येक लढाईला स्पष्ट शेवट असतो.

हरलेली लढाई येथे पुन्हा मांडता येते. नेसरीच्या सात वीरांना ती सवलत नव्हती. खिंडीतील स्मारकापाशी मुलांना नेल्यावर हा फरकही त्यांना जरूर सांगावा.