ध्वनियोजना, चित्रपटातील
चित्रपटातील संवाद, संगीत, इतर आवाज व निःशब्दता यांची दृश्यांशी हेतुपुरस्सर घातलेली सांगड म्हणजे ध्वनियोजना होय. पडद्यावर जे दिसते त्याचा आवाज ऐकू येणे, एवढाच तिचा अर्थ नाही. कोणता ध्वनी ऐकवावा, कोणता वगळावा आणि न दिसणारी वस्तू केव्हा ऐकवावी, यांविषयीचा निर्णय तिच्या मुळाशी असतो.

मूकपटांच्या काळातही चित्रपटगृहे निःशब्द नव्हती. पडद्याजवळ बसून वादक पियानोवर किंवा पेटी-तबल्यावर साथ करीत; पण ती साथ ठिकठिकाणी निराळी असे व दिग्दर्शकाच्या हाती नसे. अमेरिकेत डॉन वान (१९२६) व द जॅझ सिंगर (१९२७) या चित्रपटांसाठी तबकडीवरील ध्वनिमुद्रण वापरण्यात आले. तबकडी व चित्रफीत वेगवेगळ्या असल्याने फीत तुटून पुन्हा जोडली, की दोहोंचा मेळ चुके. पुढे ध्वनीचे लेखन फितीच्याच कडेला करण्याची प्रकाशीय पद्धत रूढ झाली. या अरुंद ध्वनिपट्ट्यातून आरपार जाणारा प्रकाश कमीअधिक होतो. प्रकाशविद्युत् घट त्याचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करतो आणि वर्धित प्रवाह ध्वनिक्षेपकातून आवाजाच्या रूपाने बाहेर पडतो. प्रक्षेपकाच्या झरोक्यासमोर फीत सेकंदाला २४ चौकटी या गतीने, थांबत थांबत सरकते. ध्वनीसाठी मात्र ती एकसारखी सरकावी लागते. म्हणून ३५ मिमी. फितीवर ध्वनी आपल्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे मुद्रित करतात. चित्र व ध्वनी यांचे साहचर्य असे मुळातच जुळवून आणलेले असते.

आरंभीच्या बोलपटांत कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो बंदिस्त खोलीत ठेवीत. नटांनाही ध्वनिग्राहकाच्या आसपासच वावरावे लागे. मूकपटाने कमावलेली गतिमानता यामुळे काही काळ हरपली. सर्ग्येई आयझेनश्टाइन, पुदॉफकिन व अलेक्सांद्रोव यांनी १९२८ मध्येच इशारा दिला होता, की ध्वनी दृश्याची निव्वळ पुनरुक्ती करू लागला तर चित्रपट हे छायाचित्रित नाटक होईल. ध्वनी दृश्याच्या विरोधात योजावा. फ्रिट्‌स लांग यांच्या एम (१९३१) या जर्मन चित्रपटात बालकांचा खुनी अस्वस्थ झाला, की एक ठरावीक सुरावट शिळेवर वाजवतो. अखेर तो ओळखला जातो तो एका अंध फुगेवाल्याकडून, त्या शिळेवरून.

आलम आरा (१९३१) हा भारतातील पहिला बोलपट १४ मार्च रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यात गाण्यांना मोठे स्थान होते आणि पुढेही ते टिकले. या प्रवाहात व्ही. शांताराम यांचा कुंकू (१९३७) वेगळा उठून दिसतो. प्रसंगांना पार्श्वसंगीताची साथ न देता त्यात नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवलेली आहे. घरातील घड्याळाचा आवाज वृद्ध पतीच्या सरत्या आयुष्याशी निगडित होतो. सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली (१९५५) मध्ये मृत मुलीसाठी आणलेली साडी पाहून आईचा बांध फुटतो. तिचे तोंड उघडते, पण ऐकू येतात तारशहनाईचे स्वर. हा आक्रोश प्रत्यक्ष ऐकवला असता, तर प्रसंग बहुधा अधिक सामान्य झाला असता. ऋत्विक घटक यांनी मेघे ढाका तारा (१९६०) मध्ये याहून धाडसी योजना केली. नायिका जिना उतरत असता चाबकाचे फटके ऐकू येतात. दृश्यात चाबूक कोठेच नाही.

संवाद, आवाज व संगीत स्वतंत्र पट्ट्यांवर तयार करून शेवटी त्यांचे मिश्रण करतात. पावलांचे किंवा वस्त्रांच्या सळसळीचे आवाज पडद्यावरील दृश्य पाहत कलागृहात काढले जातात. घोड्याच्या टापांसाठी करवंट्या वापरण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकन तंत्रज्ञ जॅक फोली यांच्या नावाने ही पद्धती ओळखली जाते. भारतात चित्रीकरणानंतर संवादही कलागृहात पुन्हा मुद्रित करण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. शब्द स्पष्ट उमटले, पण मोकळे मैदान आणि बंद खोली यांतील आवाजाचा फरक पुसला गेला आणि ती पोकळी सलग पार्श्वसंगीताने भरण्याची सवय जडली. वाद्यवृंद अखंड वाजत राहिला, की शांततेलाही परिणाम साधता येत नाही. लगान (२००१) या चित्रपटात चित्रीकरणाबरोबरच ध्वनिमुद्रण करण्यात आले आणि त्यानंतर या पद्धतीला पुन्हा चालना मिळाली. पुण्याच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत शिकलेले रसूल पूकुट्टी यांना स्लमडॉग मिलियनेअर (२००८) च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये इतर दोघांसह ऑस्कर पारितोषिक लाभले.